सूत्र आणि नोंदवही

मी पेणमध्ये पदार्थविज्ञान शिकवतो. घराण्यातला मी पहिला पदवीधर. माझे पणजोबा खोताचे कूळ. शेतात उभ्या पिकाचा अंदाज खोताचा माणूस करी. तो आकडा एकदा वहीत चढला, की खळ्यावर भात कितीही कमी भरो, वहीच खरी ठरे. आकडा आणि वास्तव यांत अंतर असते, हे मला पुस्तकाआधी घरात कळले.

एका विद्यार्थ्याने वर्गात विचारले, "सर, समीकरण बरोबर असेल तर रोज मोजायचे कशाला?" याचे उत्तर शेजारच्या अलिबागला आहे.

पृथ्वीचे चुंबकत्व १८३९ साली गाउस या जर्मन गणितज्ञाने सूत्रात मांडले. पण त्या सूत्रातले चोवीस सहगुणक त्याला गणिताने दिले नाहीत. ते ठिकठिकाणच्या मोजणीतून काढावे लागले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून अशा नोंदी होत. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, हे ओळखून नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला उभी राहिली. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालली. दोन जागांतला फरक मोजूनच कळणार होता.

हे चुंबकत्व सुमारे २९०० किलोमीटरखालच्या वाहत्या लोखंडातून उपजते. त्या प्रवाहाची समीकरणे ठाऊक आहेत. पण आज तो नेमका कसा वाहतो हे पुरते मोजता येत नाही, आणि आरंभीची बारीक चूक पुढे वाढत जाते. म्हणून चुंबकत्वाचे जागतिक गणित दर पाच वर्षांनी नव्या नोंदींवरून दुरुस्त करतात.

यावरून गणित टाकाऊ ठरवणारे आपल्याला परत पोथीकडेच नेतील. आणि मोजणीला जुमानत नाही असे सूत्र हीदेखील पोथीच. याच अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ संप केला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोताच्या वहीलाही कोणीतरी प्रश्न विचारावाच लागला.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो: गणित जीव तोडून शिका. पण कोणी आकडा पुढे केला, की विचारा, हा कोणी मोजला, कुठे मोजला, आणि आम्हांला पुन्हा मोजू द्याल का?