लेखाशास्त्राच्या पदवीस जोडविषय कोणता?

गौलीगुडा-जांबबाग परिसरातील विवेकवर्धिनी ही १९०७ पासूनची हैदराबादेतील मराठी भाषकांची जुनी शिक्षणसंस्था. तेथे वा अन्यत्र वाणिज्य शाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने लेखाशास्त्राचा जोडविषय पुढील कामाचा विचार करून निवडावा.

करप्रणाली : वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. नोंदणीकृत लहान व्यापाऱ्यासही ठरावीक काळाने विवरणपत्र भरावे लागते. स्वतंत्र व्यवसाय करू इच्छिणाऱ्यास हा विषय उपयुक्त.

संगणक : १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखा-सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरबदलाची नोंद राहणे बंधनकारक आहे. लेखापरीक्षणाकडे जाणाऱ्यास ही प्रणाली समजलीच पाहिजे.

परिव्यय लेखांकन : कारखान्यात उत्पादनखर्चाचा हिशेब ठेवण्यासाठी.

वित्त : बँका व गुंतवणूक क्षेत्रासाठी.

निवडीत गुणांचाही विचार हवा. वाणिज्य पदवीस किमान ५५ टक्के गुण असल्यास सनदी लेखापाल अभ्यासक्रमात प्रवेश परीक्षेविना थेट इंटरमीजिएटसाठी नोंदणी करता येते. मित्राने घेतला म्हणून न झेपणारा विषय घेतल्यास ही वाट बंद होऊ शकते. म्हणून प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी त्या विषयाचा अभ्यासक्रम व जुन्या प्रश्नपत्रिका अवश्य पाहाव्यात.