आरोग्य खात्यात समाजसेवकाची नोकरी : अर्ज बाद होऊ नये आणि मुलाखतीत अडखळू नये म्हणून

बीएसडब्ल्यू, एमएसडब्ल्यू झालेली पोरं-पोरी आता बऱ्याच गावांत आहेत. आरोग्य खात्यात त्यांच्यासाठी जागा निघतात. पण कुणाला जाहिरात उशिरा कळते, कुणाचा अर्ज एका कागदावरून बाद होतो, तर कुणाची मुलाखतीत साध्या प्रश्नावर गाडी अडते. जागा कुठं असतात, अर्ज कसा करायचा आणि मुलाखतीत काय विचारतात, याची ही माहिती.

काम काय असतं?

डॉक्टर तपासतात, औषध लिहून देतात. पेशंटनं औषध मध्येच का सोडलं, घरच्यांनी दवाखान्यात आणायला उशीर का केला, पैशाची अडचण आहे का, कोणत्या योजनेत बसतो, हे पाहायचं काम समाजसेवकाचं किंवा समुपदेशकाचं. समुपदेशक म्हणजे लोक ज्याला कौन्सेलर म्हणतात तो. दोन्ही पदांना बोलणं कमी आणि ऐकणं जास्त लागतं.

जागा कुठं असतात?

- जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम : देशात हा १९९६ पासून सुरू आहे. मनोविकारतज्ज्ञांच्या पथकात मनोविकार समाजसेवक असतो.
- तंबाखू नियंत्रण कार्यक्रम : जिल्हा पातळीवर समाजसेवकाचं पद असतं. शाळा तंबाखूमुक्त करणं, व्यसन सोडायला मदत करणं, ही कामं.
- एचआयव्ही तपासणी केंद्र (आयसीटीसी) : इथं समुपदेशक असतो. हे काम महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या अंतर्गत, जिल्ह्यात डापकूमार्फत चालतं.
- किशोरवयीन आरोग्य कार्यक्रम : १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकमध्ये समुपदेशक बसतात.
- समाजसेवा अधीक्षक : हे कायम पद. सार्वजनिक आरोग्य विभाग आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत असतं. राज्य पातळीवर जाहिरात येते आणि लेखी परीक्षा द्यावी लागते.
- धर्मादाय रुग्णालयं : या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. गरीब पेशंटचे कागद बघून त्याला हा लाभ मिळवून देणं हे तिथल्या समाजसेवकाचं काम.

जिल्ह्यातल्या बहुतेक जागा राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या, म्हणजे कंत्राटी. जाहिरात जिल्हा परिषदेच्या किंवा जिल्ह्याच्या शासकीय वेबसाईटवर पडते. अर्जाची मुदत बऱ्याचदा आठ-पंधरा दिवसांचीच असते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवर विसंबू नये. मूळ पीडीएफ उघडून शेवटच्या पानापर्यंत वाचावी. शुद्धिपत्रकही त्याच वेबसाईटवर येतं.

अर्ज कुठं बाद होतो?

हुशार उमेदवारही इथंच मागं पडतात. नेहमीच्या चुका अशा :

१. शिक्षणाची अट नीट न वाचणं. काही पदांना कोणतीही पदवी चालते, काहींना एमएसडब्ल्यूच लागतं. काही जाहिरातींत वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य असा विषयही दिलेला असतो. आपल्या गुणपत्रिकेवर तो विषय छापलेला आहे का, ते आधी पाहावं.

२. ग्रेडचे टक्के न काढणं. विद्यापीठानं सीजीपीए दिला असेल तर टक्केवारीत रूपांतराचं पत्र जोडावं. निवड बहुतेक वेळा शेवटच्या वर्षाचे टक्के, जादा शिक्षण आणि अनुभव यांच्या गुणांवर होते. टक्केच कळले नाहीत तर गुण द्यायचे कशाचे?

३. अर्धवट अनुभव प्रमाणपत्र. "यांनी आमच्याकडे चांगले काम केले" एवढ्यावर भागत नाही. पद, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, सही, शिक्का आणि जावक क्रमांक पाहिजे. नुसतं नेमणुकीचं पत्र जोडलं तर किती दिवस काम केलं ते कळत नाही.

४. जातीचे कागद. राखीव जागेवर अर्ज असेल तर जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि लागू असेल तिथं मुदतीतलं नॉन-क्रिमिलेअर. जाहिरात निघाल्यावर तहसीलला किंवा सेतू केंद्रात पळापळ करून ही कामं वेळेत होत नाहीत.

५. नावातला फरक. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्र किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडावं.

याशिवाय अधिवास दाखला, एमएससीआयटी, वयाचा पुरावा आणि लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र बऱ्याच जाहिरातींत मागतात. कागदांवर क्रमांक टाकून, वर यादी लावून अर्ज द्यावा. पोस्टानं पाठवायचा असेल तर शेवटच्या तारखेच्या आत पोहोचला पाहिजे, म्हणून चार दिवस हातात ठेवावेत.

अर्ज दिल्यावर पात्र-अपात्र यादी लागते. फोन येईल म्हणून वाट पाहू नये. नाव अपात्रमध्ये असेल तर कारण दिलेलं असतं आणि आक्षेपासाठी ठरावीक दिवस असतात. त्या दिवसांत लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी.

मुलाखतीत काय विचारतात?

काही पदं फक्त गुणांच्या यादीवर भरतात, काहींना मुलाखत असते. "समाजकार्याची व्याख्या सांगा" हा प्रश्न येतोच, पण खरी पारख प्रसंगावरून होते. चार प्रसंग पाहू.

क्षयरोगाच्या पेशंटनं दोन महिन्यांत गोळ्या सोडल्या. "समजावून सांगेन" एवढं उत्तर अपुरं आहे. साध्या क्षयरोगाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत बरं वाटतं, म्हणून लोक सोडतात. आधी कारण विचारायचं : गोळ्यांचा त्रास होतो का, दारू आहे का, शेजाऱ्यांना कळेल याची भीती आहे का, की ऊसतोडीला जायचंय? कारखान्याला जाणार असेल तर त्याची नोंद निक्षय पोर्टलवरून तिकडच्या केंद्राकडं वर्ग करता येते. पोषणासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये झाली आहे. ती त्याच्या खात्यावर येते का, हेही तपासायचं.

शेतकरी म्हणतो, आता जगून काय करू? विषय बदलायचा नाही आणि देवाच्या भरवशावरही सोडायचा नाही. मनात जीव द्यायचा विचार येतो का, हे सरळ विचारायचं. विचारल्यानं विचार बळावतो हा गैरसमज आहे. त्याला एकटं ठेवायचं नाही, घरातलं फवारणीचं औषध कुलपात ठेवायला सांगायचं, जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात न्यायचं. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे.

एचआयव्ही केंद्रात सरपंच येऊन गावातल्या एकाचा रिपोर्ट विचारतात. सांगायचा नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं ही माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. नम्रपणे पण स्पष्ट नकार द्यायचा. समितीला इथं कायद्यासोबत उमेदवाराचा कणाही पाहायचा असतो, कारण उद्या तो त्याच तालुक्यात, ओळखीच्या लोकांत काम करणार असतो.

सोळा वर्षांची गरोदर मुलगी सासूबरोबर आली. हा सर्वात अवघड प्रश्न. लग्न झालेलं असलं तरी मुलगी १८ वर्षांच्या आतली आहे, म्हणून २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पण कळवलं की घरचे तिला पुढच्या तपासणीला आणणार नाहीत, हा धोकाही खरा आहे. म्हणून उत्तरात दोन्ही गोष्टी आल्या पाहिजेत. उपचार आधी, तो कोणत्याही कारणानं थांबवायचा नाही. तिच्याशी एकटीशी बोलायचं, डॉक्टरांना सांगून नियमाप्रमाणं कळवायचं आणि आशाताईंमार्फत बाळंतपणापर्यंत पाठपुरावा ठेवायचा. १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाईन आहे. प्रकरण दाबून टाकू म्हणणारा उमेदवार इथं नापास होतो. आणि मुलीचं पुढं काय, याचा विचारच न करणाराही मागं पडतो.

तयारी कशी करावी?

मुलाखतीआधी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक दिवस घालवावा. केंद्राखाली किती उपकेंद्रं, किती गावं, सध्या कोणती मोहीम चालू आहे, हे आशाताई आणि एएनएमना विचारावं. सपाट भागात साधारण ३०,००० आणि आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष. आपल्याकडं तो किती जुळतो, हे सांगता आलं तर समितीला कळतं की माणूस फिरलेला आहे.

नवख्यांनी "अनुभव नाही" म्हणून गप्प बसू नये. कॉलेजच्या क्षेत्रकार्यात हाताळलेली एक केस नाव न सांगता नीट सांगावी : अडचण काय होती, काय केलं, काय जमलं नाही. कोरकू, गोंडी, माडिया, भिली अशी बोली येत असेल तर आवर्जून सांगावी.

रुजू होण्याआधी

नेमणूक साधारण ११ महिन्यांची, मानधनावर असते. कायम करण्याचा हक्क राहणार नाही, हे करारात लिहिलेलं असतं. करार वाचूनच सही करावी. फिरतीचा खर्च, रजा, प्रसूती रजा याबद्दल आस्थापनेच्या टेबलावर विचारून घ्यावं.

जाहिरातीत शुल्क असेल तेवढंच, दिलेल्या पद्धतीनं भरावं. "साहेब ओळखीचे आहेत, एवढे दिले की नाव यादीत" असं म्हणणारा भेटला तर पैसे देऊ नयेत. गुणांची यादी सर्वांसाठी लागते, ती पाहावी आणि आपल्या गुणांत चूक दिसली तर मुदतीत लेखी हरकत घ्यावी. लाच मागितली गेली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.