हो / नाही

हंगामात नारायणगावच्या टोमॅटो बाजारात पिकअपच्या रांगा लागतात. जुन्नरचे शेतकरी येतात, आंबेगावचे येतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तिथल्या एका व्यापाऱ्यासाठी पट्टीचं सॉफ्टवेअर लिहिलं. पट्टी म्हणजे किती क्रेट, काय भाव, किती पैसे, याचा शेतकऱ्याला मिळणारा कागद. पट्टी पुसायला गेलं की खिडकी उघडायची : 'ही पट्टी डिलीट करायची?' हो, नाही. विचारलं की आपली जबाबदारी संपली, असं मला वाटायचं.

अशा खिडकीला डायलॉग म्हणतात. पण उत्तर मिळेपर्यंत ती पुढचं काहीच करू देत नाही. संवाद कसला, जकातनाकाच तो. (आपल्या नाणेघाटातला रांजण आठवा.) ॲपलचा लिसा संगणक १९८३ मध्ये आला. त्याच्या चाचण्यांच्या वेळी बटणावर 'डू इट' लिहिलेलं होतं. इंग्रजी अक्षरं अशी चिकटलेली, की काहींनी ते 'डोल्ट', म्हणजे मठ्ठ, असं वाचलं आणि त्यांना राग आला. म्हणून 'ओके' आलं. ते अजून आहे. त्याच लिसात कचऱ्याची टोपलीही होती, टाकलेलं परत काढता यायचं. विंडोजमध्ये रिसायकल बिन यायला १९९५ उजाडलं.

मी यातलं काहीच वाचलं नव्हतं. विंडोजच्या मेसेजबॉक्सला वेगळं सांगितलं नाही, तर पहिलं बटण आधीच निवडलेलं असतं. माझं पहिलं बटण 'हो' होतं. आणि मुनीम दिवसभर आकडे टाकून एंटरच दाबत होते.

एका संध्याकाळी चुकीची पट्टी पुसली गेली. नेमकी माझ्या चुलत्यांची, तात्यांची. क्रेट किती, ते त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवर होतं, भाव नव्हता. दिवसभरात भाव दोनदा पडलेला. बराच वेळ वाद झाला, शेवटी तात्यांनी कमी भाव मान्य केला.

"मशीननं विचारलं नव्हतं का रे?"

"विचारलं होतं, तात्या. मुनिमांना."

"माल माझा, आन् विचारलं त्यांना?"

त्या रात्री मी ती खिडकीच काढून टाकली. आता पट्टी पुसली जात नाही. जुन्या कार्बनच्या पट्टीबुकात मारायचे तशी तिच्यावर आडवी रेघ येते, खाली वेळ, आणि पुन्हा चालू करायचं बटण. फरकाचे पैसे मी द्यायला गेलो, तर तात्यांनी घेतले नाहीत. पट्टीच्या मात्र ते आता दोन प्रती मागून घेतात.