परुळकर, दिलीप

भारतीय हवाई दलातील वैमानिक व १९७१ च्या युद्धातील युद्धकैदी. मार्च १९६३ मध्ये ते हवाई दलात अधिकारी म्हणून दाखल झाले. १९६५ च्या युद्धात शत्रूच्या माऱ्याने त्यांच्या विमानाची हानी झाली आणि उजव्या खांद्याला जखम झाली. तुकडीच्या नेत्याने विमान सोडून उडी घेण्यास सुचवले होते. परुळकरांनी ते मोडके विमान तळावर सुखरूप उतरवले. त्यांना वायुसेना पदक मिळाले. नंतर पाकिस्तानी कैदेतून केलेल्या पलायनाच्या प्रसिद्धीमुळे ही कामगिरी मागे पडली, पण वैमानिक म्हणून त्यांची खरी पारख तिथेच होते.

१९७१ मध्ये फ्लाइट लेफ्टनंट परुळकर २६ व्या स्क्वाड्रनमध्ये सुखोई-७ चालवत. हे एकआसनी सोव्हिएत लढाऊ-बाँबफेकी विमान १९६८ पासून भारताकडे येऊ लागले होते. रणगाडे, तोफा व दळणवळणावर दिवसाउजेडी, कमी उंचीवरून हल्ले करणे हे त्याचे काम. त्यामुळे विमानवेधी तोफांचा धोका मोठा असे. १० डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानातील जफरवाल भागात त्यांचे विमान पडले आणि ते कैद झाले.

रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीत त्यांनी पलायनाचा बेत आखला. साथीला सहकैदी मालविंदरसिंग ग्रेवाल व हरीश सिंहजी होते. कोठडीच्या भिंतीतील विटांचे सांधे दिवसेंदिवस खरवडून भगदाड पाडण्यात आले, आणि १२–१३ ऑगस्ट १९७२ च्या वादळी रात्री तिघे बाहेर पडले. बसने पेशावर गाठून ते अफगाण सरहद्दीच्या दिशेने लंडी कोतलपर्यंत पोहोचले. तिथे त्यांनी लंडी खाना स्थानकाची वाट विचारली. नकाशावरचे ते रेल्वेस्थानक १९३२ मध्येच बंद पडले होते. पाकिस्तानी हवाई दलाचे जवान म्हणवणाऱ्यांनी ते विचारावे, याने संशय आला व तिघे पकडले गेले. सरहद्द तेव्हा काही मैलांवर होती. टोळीवाल्यांच्या मुलखात हेर समजून जिवे मारले जाण्याची भीती खरी होती. अशा वेळी परुळकरांनी छावणीचे माजी प्रमुख उस्मान हमीद यांना दूरध्वनी लावायला लावला. हमीद यांनी ओळख पटवून त्यांना सांभाळण्यास सांगितले. या प्रसंगावधानाने तिघांचे प्राण वाचले.

शिक्षा म्हणून एकांतकोठडी भोगल्यावर त्यांना लायलपूरच्या (आजचे फैसलाबाद) तुरुंगात हलवण्यात आले. १ डिसेंबर १९७२ रोजी इतर कैद्यांबरोबर वाघामार्गे ते मायदेशी परतले.

पुढे त्यांनी हवाई दल अकादमीत उड्डाण प्रशिक्षक आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत बटालियन कमांडर म्हणून काम केले. पलायनातील नेतृत्वाबद्दल त्यांना विशिष्ट सेवा पदक देण्यात आले. ग्रुप कॅप्टन पदावरून निवृत्त झाल्यावर ते पुण्यात राहत. १० ऑगस्ट २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. फेथ जॉन्स्टन यांचे ‘फोर माइल्स टू फ्रीडम’ हे पुस्तक व ‘द ग्रेट इंडियन एस्केप’ हा चित्रपट या पलायनावर आहेत.