नऊ ठिपक्यांची पावती

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात फोन टाकला की मिळणाऱ्या पावतीवर पुष्कळदा नऊ ठिपके छापलेले असतात. दुकानदार पेन पुढे करतो आणि आपण त्या ठिपक्यांवरून फोन उघडण्याचा आपला पॅटर्न निमूटपणे काढून देतो. एकदा माझ्यापुढच्या आजींना चष्म्याशिवाय ते जमेना, तेव्हा त्यांनी रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं, "वरून खाली ये आणि उजवीकडे वळ. एल काढ, एल."

आजी अडाणी, असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते पटत नाही. डिस्प्ले बदलल्यावर फोन नीट चालतो का हे बघायला दुकानदाराला लॉक उघडावंच लागतं, आणि आजींना संध्याकाळच्या आत फोन हवा होता. त्यांनी हिशेब केला, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. माणसं असे हिशेब कसे करतात हे तपासणाऱ्या अभ्यासाला इंग्रजीत 'युजेबल सिक्युरिटी' म्हणतात. आपण वापरसुलभ सुरक्षा म्हणू. या विषयात पाऊल टाकायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. घरातले फोन नीट न्याहाळलेले असले की सुरुवातीला पुरतं.

विषयाची मुळं 1975 सालापर्यंत जातात. साल्टझर आणि श्रोडर यांनी त्या वर्षी संगणक-संरक्षणाची तत्त्वं मांडली. त्यांतलं एक तत्त्व यंत्रापेक्षा माणसाबद्दल होतं: संरक्षणाची सोय इतकी सोपी असावी की ती सवयीने, न चुकता वापरली जावी. पुढची वीसेक वर्षं या तत्त्वाकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. 1999 मध्ये ॲन ॲडम्स आणि अँजेला सास यांनी पासवर्डांवरच्या लेखाला 'वापरणारे शत्रू नव्हेत' अशा अर्थाचं शीर्षक दिलं, ते मुद्दाम डिवचण्यासाठीच असावं.

स्मार्टफोन आला आणि प्रश्न आणखी बिकट झाला, कारण त्याचं कुलूप दिवसातून दहा-वीस वेळा नव्हे, त्याहून कितीतरी जास्त वेळा उघडावं लागतं. 2014 साली मारियान हारबाख आणि सहकाऱ्यांनी फोन उघडण्याचे 3410 प्रसंग तपासले. कुणी खांद्यावरून डोकावेल अशी भीती त्यांतल्या फक्त 11 प्रसंगांत वाटली होती. सुमारे 24 टक्के वेळा लॉकची गरजच नव्हती, असं लोक म्हणाले. आदल्याच वर्षी अ‍ॅपलने बोटाच्या ठशाने उघडणारा आयफोन आणला होता, आणि निम्म्याच्या आसपास लोक पासकोड लावतच नाहीत हे कारण त्या वेळी पुढे केलं होतं. उपदेशाने जे होत नव्हतं ते अंगठ्याने बरंच साधलं.

इथवरच्या अभ्यासात एक गोष्ट गृहीत होती: एक फोन, एक मालक. आपल्याकडे ती पहिल्याच पायरीवर कोसळते. नित्या संबाशिवन आणि सहकाऱ्यांनी 2018 साली भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या 199 जणांशी, मुख्यतः बायकांशी, बोलून जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो म्हणूनच आधी वाचावा. फोन नवऱ्याने मागितला, सासूने मागितला, पोराने गेमसाठी ओढून नेला, तर 'नाही' म्हणता येत नाही. मग एखाद्या ॲपलाच वेगळं कुलूप, नाहीतर मेसेज वेळीच पुसून टाकणं. चोर इथे बाहेरून येत नाही.

तरीही त्याच घरात यूपीआयचा पिन पुष्कळदा कुणी कुणाला सांगत नाही. फोनचा पॅटर्न पाच वर्षांच्या नातवालाही पाठ, आणि पिन मात्र टाकायचा तो तळहाताच्या आडोशाने. या फरकाचा उलगडा निव्वळ 'जागरूकता' या शब्दाने होत नाही. लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी, फाईल येते तेव्हा ती उघडणाऱ्याला फसवणुकीच्या बातम्या ठाऊक नसतात असं नाही. पण ती आलेली असते मावसभावाच्या नंबरवरून.

काही गोष्टी तर वापरणाऱ्याच्या हातातच नसतात. मेमरी भरलेली असते म्हणून अपडेट राहतं, आणि फोन जुना झाला की कंपनीच अपडेट द्यायचं थांबवते.

दुकानातल्या त्या पावतीवरही उपाय निघाले आहेत. सॅमसंगने 2022 साली दुरुस्तीसाठी वेगळा मोड आणला. तो लावला की दुकानदाराला फोन तपासता येतो, आतले फोटो-मेसेज मात्र दिसत नाहीत. तो सेटिंग्जमध्ये जाऊन सुरू करायचा असतो. आजींच्या फोनचा डिस्प्लेच काळा पडला होता.