झिरो माईल : शून्य नेमकं कुठून मोजायचं?

नागपूरला घरी गेलो की माझा एक ठरलेला कार्यक्रम असतो. सकाळी तर्री-पोहे चापायचे आणि बर्डीवरून चालत झिरो माईलला जायचं. आता तिथे मेट्रोचं स्टेशन झालंय (२०२१), पण चालत जाण्यातली मजा वेगळीच. चार घोडे, एक दगडी खांब, आणि भोवती न थांबणारी वाहतूक.

लहानपणी बाबांनी तिथे नेऊन सांगितलं होतं, "हा भारताचा मधला बिंदू. इथं उभा राहा, अख्खा देश तुझ्या चारी बाजूंना!" मी छाती फुगवून उभा राहिलो आणि पुढे कित्येक दिवस वर्गात तेच सांगत फिरलो.

पुढे प्रोग्रामिंगच्या धंद्यात पडलो आणि "हे कुणी ठरवलं?" असं विचारायची खोड लागली. थोडं वाचलं आणि फुगा फुटला. हा दगड म्हणजे त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा १९०७ सालचा प्रमाण बेंचमार्क. म्हणजे मध्याची नाही, तर उंचीची खूण! समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजलेली. देशाच्या मध्याचा मान मध्य प्रदेशातल्या करौंदी गावाला देतात.

बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "काऊन रे, म्हणून काय दगड खोटा झाला?" मुद्दा बरोबर आहे.

दगडावर जबलपूर, हैदराबाद, चांदा, शिवनी, बैतूल अशी गावं आणि त्यांची अंतरं कोरली आहेत. नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी होतं, त्यामुळे अंतरं इथूनच मोजणार! रोमच्या फोरममध्ये ऑगस्टसने इ.स.पू. २० मध्ये सोनेरी मैलाचा खांब उभारला, त्यातही हाच विचार. सत्ता जिथे बसते तिथे शून्य.

या सर्वेक्षणाची सुरुवात विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासला केली. त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो वीस वर्षं उत्तरेकडे सरकत राहिला. जानेवारी १८२३ मध्ये हैदराबादहून नागपूरला येताना वाटेत, आपल्या हिंगणघाटला तो वारला. त्याची कबर तिथेच आहे.

असो. खरं सांगायचं होतं ते पुढचं आहे.

झिरो माईलपासून जवळच गोवारी शहीद स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४. विधानसभेचं हिवाळी अधिवेशन चालू होतं. अनुसूचित जमातीत समावेश करा, ही मागणी घेऊन विदर्भातल्या गावागावांतून गोवारी लोक मोर्चाने आले होते. पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखणारा हा समाज. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटजवळ मोर्चा अडवला गेला. संध्याकाळी लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. त्यात बहुतेक बायका आणि मुलं. मी तेव्हा शाळेत होतो. दुसऱ्या दिवशी बाबांनी पेपर घडी घालून कपाटावर ठेवून दिला, मुलांच्या हाती लागू नये म्हणून. मी स्टुलावर चढून तो वाचलाच.

वाद होता यादीतल्या एका नोंदीचा. अनुसूचित जमातींच्या यादीत "गोंड गोवारी" असं लिहिलेलं आहे. समाज म्हणत होता, ते आम्हीच. १९९५ मध्ये त्यांना विशेष मागास प्रवर्गात घेतलं. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला, पण डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. गोंड गोवारी वेगळे आणि गोवारी वेगळे, असं ठरलं.

आमच्या कामात यादीतली एक नोंद अशी वाचायची की तशी, यावर फार तर प्रोग्राम बंद पडतो. दोन शिव्या खाऊन आपण दुरुस्त करतो. इथे त्याच प्रश्नासाठी लोक लेकरं कडेवर घेऊन चालत आले होते. ज्या चौकातल्या दगडाची उंची फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत पक्की झाली, त्याच्या आसपास आपली जागा विचारायला आलेल्यांना उत्तर मिळायला २६ वर्षं लागली, आणि मिळालं ते "नाही" असं.

आता मी आधी स्मारकाकडे जातो, मग दगडाकडे. माझ्या मुलीला मागच्या दिवाळीत दोन्ही दाखवलं. तिने विचारलं, "बाबा, यांच्या गावांची नावं दगडावर का नाहीत?"

नागपूरला आलात तर संत्रा बर्फी घ्याच, पण झिरो माईलला जाल तेव्हा तेवढी चार पावलं जास्त चाला.