जुन्या वास्तु आणि नव्या कचेऱ्या

अहमदाबादेंतील सिदी सय्यदाची मशीद आकारानें लहान, पण तिच्या भिंतींतील दगडी जाळ्यांची कीर्ति मोठी. इ. स. १५७२-७३ मध्यें, गुजराथची सुलतानशाही मावळत असतां, एका हबशी सरदारानें ती बांधविली. एकमेकींत गुंतलेल्या वृक्षशाखा कारागिरांनीं पाषाणांत अशा कोरल्या आहेत कीं, वेलबुट्टीच्या कापडांतून यावा तसा प्रकाश त्यांतून आंत येतो. इंग्रजी अमदानींत याच जाळ्यांच्या आड मामलेदाराची कचेरी भरत असे. भिंतींवर सफेदी चढली आणि प्रार्थनेच्या जागीं दप्तरें आलीं. कोणाही अधिकाऱ्याचें त्या मशिदीशीं वैर नव्हतें. त्याला छप्पर हवें होतें आणि तें आयतें मिळालें, इतकेंच.

असे प्रकार अन्यत्रही घडले. लाहोरच्या किल्ल्यांतील संगमरवरी मोती मशिदींत रणजितसिंगाच्या काळीं खजिना ठेवीत. पुढें इंग्रजांनींही तोच प्रघात चालू ठेवला. १८९९ ते १९०५ या काळांत व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड कर्झननें या दोन्ही मशिदी मोकळ्या करविल्या. त्याच्याच कारकीर्दींत, १९०४ सालीं, प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा झाला. कर्झनचें नांव हिंदी माणसानें आवडीनें घ्यावें असें नव्हे. परंतु हें श्रेय त्याला दिलेंच पाहिजे.

मग जुन्या वास्तूंतून कचेऱ्या हांकलून द्याव्यात, हाच इतिहासाचा धडा समजावयाचा काय? पुण्याचा विश्रामबाग वाडा याचें वेगळें उत्तर देतो. दुसऱ्या बाजीरावानें तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बांधविला. १८१८ मध्यें पेशवाई बुडाली आणि वाड्याचा धनी ब्रह्मावर्तास गेला. तीनच वर्षांनीं, १८२१ सालीं, येथें संस्कृत पाठशाळा सुरू झाली. आजच्या डेक्कन कॉलेजचें मूळ तींतच आहे. पुढें विद्यार्थी गेले, आणि कालांतरानें पुणें म्युनिसिपालिटीच्या कचेऱ्या आल्या. निरनिराळ्या बिऱ्हाडकरूंनीं वाड्याची झीज केली हें खरें. पण कौल फुटला कीं कोणाच्या तरी टेबलावर पाणी गळे, आणि म्हणून तो बदलला जाई. ओस पडलेल्या वाड्याचा कौल कोणीच बदलीत नाहीं.

तथापि वापराचा धोकाही पुण्यानेंच पाहिला आहे. बुधवार वाड्यांत सरकारी कचेऱ्या होत्या. मे १८७९ मध्यें त्याला आग लावण्यांत आली व तो वाडा नाहींसा झाला. विश्रामबागेचाही कांहीं भाग त्या वर्षीं जळाला. सागवानी वाडा आणि कागदांचे ढीग यांची संगत किती घातक असते, हें शहराला त्या वेळीं उमगलें.

म्हणून खरा प्रश्न कचेरी असावी कीं नसावी हा नाहीं. ती कशी मांडावी, हा आहे. वाड्याची रचना यांत स्वतःच वाट दाखविते. दोन खांबांमधील जागा म्हणजे खण. खणाच्या मापानें टेबलें लावलीं तर खांबांस धक्का लागत नाहीं. उजेड व वारा चौकांतून येतात. तेव्हां चौकाच्या बाजूस उंच कपाटें उभीं करणें म्हणजे घराचे डोळे बांधणें होय. जड दप्तर माडीच्या तक्तपोशीवर न ठेवतां तळमजल्यावर ठेवावें. चुन्याच्या भिंतीस ओल बाहेर टाकावयास वाट लागते. तिच्यावर सिमेंट वा तैलरंग चढविला कीं ओल आंतच कोंडते. आजच्या संगणकाच्या तारा व थंड हवेचीं यंत्रें यांनाही हाच नियम आहे. तारा नक्षी पोखरून नेऊं नयेत. आडोसे आपल्याच पायांवर उभे असावेत, तुळयांस ठोकलेले नसावेत.

१९६४ सालीं व्हेनिस येथें जमलेल्या तज्ज्ञांनीं जो जाहीरनामा संमत केला, त्यांत हेंच तत्त्व आहे. समाजोपयोगी कामासाठीं वापर केल्यानें स्मारकाचें रक्षण सुकर होतें. मात्र त्या वापरानें वास्तूची मांडणी किंवा तिचें अलंकरण बदलतां कामा नये, असें तो सांगतो.

सिदी सय्यदाच्या मशिदींतील कचेरी उठली आणि जाळ्या राहिल्या, हें अहमदाबादचें भाग्य. तें भाग्य प्रत्येक वास्तूच्या वांट्यास येतेंच असें नाहीं. जुन्या घरांत नवी कचेरी थाटणाऱ्यानें पहिला खिळा ठोकण्यापूर्वीं एकच विचारावें: उद्यां आपण येथून उठलों, तर हें घर आपणांस सांपडलें तसें पुढच्यास देतां येईल काय? उत्तर होकारार्थी असेल तर त्यानें खुशाल बिऱ्हाड करावें.